यादी वाचून झाली, आता जाणार कोण?

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘प्रार्थना करतो हं’ हे वाक्य हल्ली निरोप घेण्यासाठी वापरलं जातं. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरात दारूने उच्छाद मांडलेला असतो, कुणाला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहर गाठावं लागतं. तो माणूस चर्चच्या पायरीवर उभा राहून हे सगळं सांगतो, आपण त्याचा हात हातात घेतो आणि ते वाक्य म्हणतो. त्यालाही कळतं, विषय संपला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर तेवढेही कष्ट नाहीत. जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं की झालं. सकाळी दहापर्यंत तशी चाळीस चित्रं जमतात, आणि ज्याच्यासाठी जमतात तो दुपारी एकटाच रिक्षा शोधत असतो.

प्रार्थनेविरुद्ध लिहायला मी बसलेलो नाही. माझी तक्रार उलटी आहे. आपण प्रार्थनेला फार स्वस्तात सोडतो. ज्या दुःखाचं नाव आपण देवासमोर घेतो, त्या दुःखाच्या घरापर्यंत निदान एकदा चालत जायची तयारी त्या प्रार्थनेत धरलेलीच असते, असं मी मानतो. आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, जी आमच्यातले कामसू लोक ऐकून घेत नाहीत: प्रार्थना सोडून नुसती धावणारी सेवा काही वर्षांत कार्यालय होऊन बसते. पहिली गोष्ट याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात केव्हाच सुनावली आहे. अंगावर कपडा नाही, पोटाला भाकर नाही अशा भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणून वाटेला लावलं तर त्याचा उपयोग काय? हा उतारा आम्ही दरवर्षी वाचतो, त्यावर उपदेश ऐकतो आणि शेवटी डोळे मिटून गरिबांसाठी प्रार्थना करतो.

घरोघरच्या प्रार्थनासभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको, पण सांगतोच. गुरुवारची संध्याकाळ. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजी, एका कोपऱ्यात ढोलकी आणि टाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद होतं, मग वचन, मग विनंत्या. विनंत्या वहीत लिहून घेतल्या जातात. मग कुणीतरी बाई किंवा ब्रदर उभे राहतात आणि दर तिसऱ्या शब्दाला ‘प्रभू’ म्हणत देवाला गावातल्या बातम्या सांगू लागतात. ‘प्रभू, तू जाणतोस प्रभू, की अमक्यांचा मुलगा दुसऱ्यांदा बारावीला बसतोय प्रभू.’ देव जाणतोच, पण शेजारच्या मावशींना ते आत्ताच कळलेलं असतं. कधी प्रार्थनेतून सुनेला टोमणा जातो, कधी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या विरोधकाला. डोळे मिटलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. शेवटी प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद, चहा-बिस्किटं. वही पिशवीत जाते. पुढच्या गुरुवारी तीच वही उघडते, पण मागचं पान कुणी उलटून बघत नाही.

हे लिहिताना मला हसू येतं आणि या सभांची मायाही वाटते. नगर, सोलापूर, जालन्याकडच्या कितीतरी घरांना या सतरंज्यांनीच धरून ठेवलं. दुष्काळात, जातीबाहेर पडल्यावर, नवरा मुंबईला गिरणीत गेल्यावर बायकांना बोलायला हीच जागा होती. मोठ्याने, रडून, नाव घेऊन दुःख सांगायची सोय दुसरीकडे कुठे होती? म्हणून सभा बंद करा असं म्हणणाऱ्यांच्या मी बाजूचा नाही. माझं बोट त्या वहीवर आहे.

रोजच्या जगण्यातली प्रार्थना कशी असते याचा उत्तम नमुना जुन्या करारात नहेम्याच्या पुस्तकात आहे, आणि तो धर्मगुरूचा नाही, नोकरदाराचा आहे. नहेम्या पारसाच्या, म्हणजे इराणच्या राजाचा प्यालेबरदार, त्याला प्याला देणारा. यरुशलेमचा कोट पडलाय या बातमीने त्याचं तोंड उतरलेलं. राजा विचारतो, तुला हवंय काय? प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या फटीत तो स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो. गुडघे टेकायला, डोळे मिटायला वेळच नाही. उत्तरही कसं, तर रजा मागतो, मुदत ठरवतो, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रं मागतो, लाकडासाठी वनाधिकाऱ्याच्या नावाने हुकूम मागतो. पुढे कोट बांधताना शत्रू चाल करून येणार असं कळतं, तेव्हा तो एका वाक्यात दोन गोष्टी सांगतो: आम्ही आमच्या देवाची प्रार्थना केली, आणि रात्रंदिवस पहारा बसवला. ‘किंवा’ नाही, ‘पण’ नाही. आमच्याकडे मात्र पहारा बसवणारा अविश्वासू ठरतो.

माझ्या नात्यातली एक बाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. रात्रपाळीला वॉर्डात तीस-पस्तीस खाटा आणि ती एकटी. सलाईनचे थेंब मोजताना, नाडी बघताना ती त्या त्या पेशंटचं नाव घेऊन मनात एक ओळ म्हणायची, पुढच्या खाटेकडे जायची. नाव कळायला केसपेपर बघावा लागे, आणि केसपेपर बघितला की राहिलेला डोस, न आलेला रिपोर्ट डोळ्यांत भरे. डॉक्टरांना उठवायला ती घाबरत नसे. तिला कुणी कधी प्रार्थनावीर म्हटलं नाही. मंडळीत तिची ओळख ‘भक्तीला उशिरा येणारी’ अशीच होती, कारण पाळी संपवून ती थेट येई आणि पहिलं गीत हुकायचं.

मराठी ख्रिस्ती समाजात प्रार्थनेचं उदाहरण द्यायचं तर सगळे केडगावला जातात, आणि जावंच. पण केडगावची गोष्ट आम्ही अर्धी सांगतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जानेवारी १९०५ मध्ये रोज प्रार्थनेला जमणाऱ्या सत्तर जणी होत्या, जूनपर्यंत त्या पाचशेच्या वर गेल्या, आणि महिनाअखेरीस तिथे संजीवन, म्हणजे श्रद्धेला नवी जाग आणणारी लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी रडत, ओरडत, पापं कबूल करत प्रार्थना करू लागल्या. व्यासपीठावरून ही गोष्ट सांगताना वक्त्याचा आवाज चढतो आणि तिथेच थांबतो.

त्याच्या आधीची आठ वर्षं कोण सांगणार? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, आणि उपाशी, विकल्या जाऊ शकणाऱ्या, कुणाच्याही हाती सापडू शकणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवायची सोय नाही, म्हणून दौंडच्या वाटेवरच्या केडगावच्या माळावर बिऱ्हाड. तिथे विहिरी खोदल्या, शेती लावली, माग आले, छापखाना आला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आणखी मुली आल्या. त्या माळावर राहणाऱ्यांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या तोंडांना रोज भाकर घालायची, अंगावरच्या खरजेपासून अक्षरओळखीपर्यंत सगळं बघायचं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ त्या घरात कोठीच्या हिशेबासकट म्हटली जात होती.

ज्या मुली त्या जूनमध्ये प्रार्थनेला बसल्या त्यांचे हात सकाळी मागावर, जात्यावर आणि छापखान्यातले खिळे जुळवण्यात होते. संजीवनानंतरही त्या डोळे मिटून बसून राहिल्या नाहीत, आसपासच्या खेड्यांत टोळ्या करून जाऊ लागल्या. आणि स्वतः रमाबाई? इब्री-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि एप्रिल १९२२ मध्ये मरेपर्यंत ते केलं. आदल्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. या बाईंनी देवाजवळ काय काय मागितलं असेल, त्यातलं काय मिळालं नसेल, याची आपण कल्पनाच करू शकतो. प्रार्थनेचं फळ म्हणजे मागितलेली वस्तू, हा हिशेब केडगावला लावून बघा. लागत नाही.

माझ्या मते केडगावचा खरा धडा क्रमाचा आहे. तिथे संकट आधी अंगावर घेतलं गेलं, मग त्या ओझ्याखाली गुडघे टेकले. आजच्या ‘संजीवन सभां’मध्ये ओझं कुणाचंच नसतं. मंडप असतो, कीबोर्ड असतो, बाहेरगावचा वक्ता असतो आणि अग्नी उतरावा अशी मागणी असते. कशावर उतरावा, हे ठरलेलं नसतं.

इथे एका नाजूक विषयाला हात घालायला हवा. प्रार्थनेने आजार बरा होतो की नाही हा श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि होतो असं मानणाऱ्यांपैकीच मी आहे. पण ‘गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा’ असं सांगणारा माणूस श्रद्धेच्या हद्दीबाहेर गेलेला असतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा काही ख्रिस्ती मंडळींतही कुजबुज झाली की आता प्रार्थनेवर गदा येणार. कायदा वाचला तर दिसतं की घरात, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये केलेली प्रार्थना-उपासना, जिने कुणाला शारीरिक इजा होत नाही किंवा कुणी आर्थिक नागवलं जात नाही, ती त्याने स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं आणि चमत्काराच्या नावाखाली पैसा काढणं, हे त्याने गुन्हा ठरवलं. यात कुणाच्या उपासनेला बाधा आली? आली असेल तर ती उपासना तपासून बघायला हवी. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर हा कायदा आला. त्याचं स्वागत चर्चच्या व्यासपीठावरून मोठ्या आवाजात व्हायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

शिवाय आमचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उभं केलं, आणि मिरजेचं नाव शस्त्रक्रियेसाठी दूरदूर गेलं. शस्त्रक्रियेआधी टेबलाभोवती उभं राहून प्रार्थना करायची ही मिशन इस्पितळांतली जुनी रीत आहे. प्रार्थना झाली की सुरी हातात घ्यायची. प्रार्थना झाली म्हणून सुरी ठेवून द्यायची नाही. याकोबाच्या ज्या वचनावर आजाऱ्याला तेल लावण्याची प्रथा उभी आहे, ते तेल त्या काळी औषधाच्या कपाटातलंच होतं. येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी वाटेवरच्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो तो काही विधी म्हणून नव्हे. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी आजाऱ्याच्या घरी जावं, हातात औषध असावं आणि तोंडात प्रार्थना, एवढं ते वचन सरळ आहे.

आता कामसू लोकांकडे वळतो. ‘सेवा हीच प्रार्थना’ असं ते म्हणतात. ऐकायला छान आहे, आणि त्यामागचा वैतागही मी समजू शकतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात पाण्यासाठी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा फादरांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना सांभाळावी, बाकीच्या भानगडीत पडू नये असं म्हणणारे होतेच. त्या लोकांना उत्तर म्हणून हे वाक्य ठीक. पण दिब्रिटो स्वतः मिस्सा सोडून रस्त्यावर गेले नव्हते. वेदीवरून उठून गेले आणि परत वेदीपाशी आले. शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसण्याएवढी बैठक त्या माणसाला होती.

प्रार्थना काय करते, तर सेवेला नाही म्हणायला शिकवते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हे आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, येशूने कितीतरी आजारी बरे केलेले. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिमोन शोधत येतो: सगळे तुम्हाला शोधताहेत! कुठल्याही संस्थेच्या दृष्टीने याहून चांगली बातमी नाही. काम जमलंय, लोक येताहेत, इथेच इमारत बांधा. येशू म्हणतो, चला, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलो आहे. जमलेली गर्दी सोडून जायचं बळ त्याला त्या अंधारातल्या तासाने दिलं. आमच्या शाळा, वसतिगृहं, दवाखाने बघा. ज्या गरजेसाठी सुरू झाले ती गरज केव्हाच दुसऱ्या गावाला गेली, पण इमारत आहे, ट्रस्ट आहे, कोर्टात दावा आहे, म्हणून चालू आहेत. विश्वस्तांच्या सभेची सुरुवात प्रार्थनेनेच होते, अर्ध्या मिनिटाच्या. त्या अर्ध्या मिनिटात ‘हे अजून चालवावं का?’ हा प्रश्न देवाला विचारलाय असं मी कधी ऐकलं नाही.

पाळकांबद्दल बोलताना नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय हमखास पुढे केला जातो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. त्यावर बारा प्रेषित म्हणाले, आम्ही पंक्तीची सेवा करत बसणं बरं नाही, आम्ही प्रार्थनेत आणि वचनाच्या सेवेत राहू. पाहा, पाळकाचं काम प्रार्थना करणं! बरोबर. पण त्याच श्वासात त्यांनी सात जण नेमले, आणि विधवांच्या भाकरीचा प्रश्न त्या दिवशी मार्गी लावला. तक्रार ‘प्रार्थनेत ठेवू’ म्हणून पुढे ढकलली नाही. आणखी गंमत अशी की त्या सातांतला पहिला स्तेफन, म्हणजे पंक्ती वाढायला नेमलेला माणूस. पुढच्याच अध्यायात दगडांचा मारा सोसत, मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करत मरतो तो हाच. वाढप्यांना प्रार्थना येत नव्हती असं दिसत नाही.

ज्यांना जाणं शक्यच नाही त्यांचं काय? हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक मंडळीत एखादी आजी असते, गुडघे गेलेले, दिसतं अंधूक, पण पहाटे चारला उठून अख्ख्या वाडीतल्या घरांची नावं एका बाजूने घेत जाते. तिला ‘तू गेलीस का?’ विचारणं निर्दयपणा होईल. पण अशा आजींशी बोललं की कळतं, जायचं काम त्यांनी दुसऱ्या वाटेने चालू ठेवलेलं असतं. नातवाला पिटाळून चौकशी करतात, भाकरी बांधून देतात, फोनवर रागावतात. कोण आजारी आहे हे पाळकसाहेबांच्या आधी त्यांना माहीत असतं. त्यांना यादी लिहावी लागत नाही.

माझी सूचना साधी आहे. गुरुवारच्या सभेत नवी विनंती घेण्याआधी मागच्या आठवड्याचं पान वाचावं आणि प्रत्येक नावापुढे विचारावं, कोण गेलं होतं? फोन केला का? दवाखान्यात डबा कुणी दिला? मुलाच्या फीबद्दल शाळेत कोण बोललं? कुणीच गेलं नसेल तर तसंच म्हणावं, आणि त्या रात्रीची पहिली प्रार्थना त्याबद्दल असावी. मग नवी नावं.

यावर लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण म्हणून झालंय. कर्मांनी तारण, म्हणजे पापातून सुटका होत नाही, हे पहिलं. नाहीच होत, पण तारणाचा विषयच इथे नाही, डब्याचा आहे. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येतील, हे दुसरं, आणि यात दम आहे. एखाद्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट किंवा मोडत आलेला संसार विनंती म्हणून ग्रुपवर फिरवणं हा गुन्हाच समजावा. ज्याचं दुःख त्याला विचारल्याशिवाय नाव घेऊ नये, घ्यायचंच तर दोघा-तिघांतच ठेवावं. आणि तिसरं, असं केलं तर सभा लांबेल. लांबणार नाही. जायची जबाबदारी आली की यादी आपोआप आखडते, ‘जगातल्या सर्व राष्ट्रांसाठी’ वगैरे गळून पडतं. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या मठासाठी जे नियम लिहिले त्यात, एकत्र जमून केलेली प्रार्थना तर अगदी थोडकी असावी आणि मठाच्या प्रमुखाने खूण करताच सगळ्यांनी उठावं, असं सांगून ठेवलंय. त्याचे साधू उठून शेतावर जात.

पैशांचाही प्रश्न निघतोच, आणि तो पाळकांच्या बाजूने मला काढायचा आहे. तीन-तीन, चार-चार गावांच्या मंडळ्या एकाच पाळकाकडे असतात. ते मोटरसायकलवर फिरतात आणि पेट्रोल स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून घालतात. मी पाहिलेल्या मंडळ्यांच्या वार्षिक अंदाजपत्रकांत साउंड सिस्टिमच्या दुरुस्तीला रकाना आहे, मंडपाला आहे, पाहुण्या वक्त्याच्या प्रवासखर्चाला आहे. आजाऱ्यांच्या भेटींसाठी नाही. तो घालायला घटनादुरुस्ती लागत नाही. पंच कमिटीच्या मार्चच्या सभेत एक ठराव पुरतो.